घड्याळ बंद, तर दुकान बंद

लेकीने माझ्या मनगटावर ते स्मार्टवॉच बांधलं तेव्हा एकच अट घातली. घड्याळ चालू आहे तोवर दुकान चालू. घड्याळ बंद पडलं की मी शटर ओढून घरी यायचं, मग हातातलं काम अर्धवट असो की गिऱ्हाईक दारात उभं असो. मी ताबडतोब हो म्हणून टाकलं. म्हटलं, घड्याळ ते काय आणि बंद पडून पडणार किती! माझं जुनं किल्लीचं घड्याळ लेकीच्या जन्माआधीपासून चालत होतं आणि तिच्या लग्नातही मला वेळ दाखवत होतं.

हे नवं मात्र दुपारी तीनच्या सुमाराला मान टाकायचं. रात्रभर चार्ज होऊन तुकतुकीत चेहऱ्याने माझ्याबरोबर निघालेलं घड्याळ दुपारच्या चहाला काळंठिक्कर पडलेलं असायचं.

अट का घातली तेही सांगते. माझं सोफ्यांना आणि खुर्च्यांना नव्याने गादी-कापड चढवायचं दुकान आहे. मागे एकदा एका आरामखुर्चीची पाठ ताणून बसवत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवी झाले. शुद्धीवर आले ती दवाखान्यातच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मधूनच ताल सोडतंय, गोळ्या देते, काम करायला हरकत नाही, फक्त लक्ष असू द्या. एवढ्या मोठ्या वाक्यातलं लेकीने फक्त शेवटचं उचललं. तिचं म्हणणं होतं की मी दुकानच बंद करावं. मी म्हटलं, मग मला दवाखान्यातच ठेव, निदान तिथल्या खुर्च्या तरी नीट करीन. आठवडाभर आमची अशी जुंपली आणि शेवटी या घड्याळावर तह झाला. घड्याळ माझे ठोके मोजणार, ताल चुकला किंवा मी पडले तर लेकीच्या फोनवर बोंब ठोकणार. त्याचा जीव आहे तोवर मला माझं काम करायला मोकळीक.

आता आमच्या धंद्यात खरा दिवस तीननंतरच सुरू होतो. सकाळ जाते ती जुनं कापड उसवण्यात, धूळ खाण्यात आणि आतला कुजलेला काथ्या उपसण्यात. कापड बेतायचं, ताणायचं, शिवायचं ते दुपारनंतर, कारण माझ्या खिडकीत ऊन तेव्हा येतं आणि कापडाची वीण तेव्हा दिसते. लोकही कामावरून सुटल्यावर मोडके सोफे घेऊन येतात. त्यात वाचनालयाच्या बाईंनी वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या माझ्याकडे पाठवल्या होत्या. कक्षाला रंग लागतोय तोवर खुर्च्या हव्यात, नाहीतर त्या पुलाजवळच्याकडे जाणार. पुलाजवळचा म्हणजे जो कापडाला डिंक लावतो, वर स्टेपलर मारतो आणि त्याला काम म्हणतो. माझ्या हयातीत त्या खुर्च्या त्याच्या हातात पडणं मला मंजूर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दुपारी दुकानातच चार्जिंगला का लावत नाही? लावलं होतं की! पहिल्याच आठवड्यात लावलं, आणि विसरून एका गिऱ्हाईकाच्या घरी सोफा मोजायला गेले. घड्याळ टेबलावर निपचित पडलेलं आणि माझा फोन कापडाच्या ढिगाखाली. संध्याकाळी लेकीने जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दुकानात घड्याळ काढायला बंदी. मोठ्या बॅटरीचं दुसरं घड्याळ घेऊ म्हटलं, तर जी आठ-आठ दिवस चालतात त्यांना हृदयाचा ताल कळत नाही, असं ती म्हणाली. एकूण काय, आहे ते घड्याळ संध्याकाळपर्यंत जगवणं, एवढाच मार्ग उरला.

इथे आमच्या ह्यांनी बाह्या सरसावल्या. हे वीज कंपनीत मीटर वाचायचे. निवृत्त झाले तरी घरातली माणसं खोलीतून बाहेर पडली रे पडली की मागे जाऊन दिवे बंद करत फिरतात. मी न्हाणीघरात असतानासुद्धा केलेत. त्यांनी चष्मा पुसला, घड्याळाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "कोण जास्त खातंय ते शोधायचं. एकेक बंद करत जायचं आणि बघायचं. मीटर कधी खोटं बोलत नाही."

"ते मीटर नाही, घड्याळ आहे," मी म्हटलं.

"सगळी मीटरंच असतात गं," हे म्हणाले. त्या दिवसापासून ह्यांनी त्या घड्याळाचं नाव 'पाहुणे' ठेवलं. सकाळी मी निघाले की विचारायचे, "पाहुण्यांचं पोट भरलं का?"

पहिला चोर लवकर सापडला. आमच्या नातीने हौसेने घड्याळावर होकायंत्राची तबकडी लावून दिली होती. दिसायला छान होती, वादच नाही. पण माझ्या हातोडीचं एक टोक लोहचुंबकाचं असतं. बारीक खिळे आम्ही ओठांत धरतो, हातोडीचं टोक ओठांपाशी नेलं की खिळा त्याला चिकटतो आणि दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. आता असलं लोहचुंबक दिवसभर शेजारी नाचल्यावर ते होकायंत्र काय करणार? काटा भेलकांडत फिरायचा आणि घड्याळ माझ्याकडे विनवण्या करायचं की हात आठच्या आकड्यासारखा फिरवा, मला दिशा सापडत नाहीये. मी आपली आज्ञाधारकपणे फिरवायची. तोंडात खिळे आणि हवेत आठ. वाचनालयाच्या बाई एकदा तेवढ्यात दारात आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

होकायंत्र गेलं आणि साधी काळी तबकडी आली. नात दोन दिवस फुरंगटून बसली. घड्याळ तीनच्या पुढे थोडंसं सरकलं.

मग ह्यांच्या लक्षात आलं की हात उचलला की पडदा उजळतो. ज्याने ही सोय केली त्याने आयुष्यात कधी कापड ताणलं नसणार. घड्याळ बांधलेला माझा डावा हात कापड ताणताना दिवसभर वर-खालीच होत असतो, म्हणजे प्रत्येक ओढीला पडदा लागायचा आणि विझायचा. ते बंद केलं. आता वेळ बघायची तर पडद्याला टिचकी मारावी लागे, आणि माझे दोन्ही हात अडकलेले असत, म्हणून मी नाकाने मारायला शिकले. जमतं ते, थोडा सराव लागतो.

त्यानंतर व्यायाम. खुर्चीच्या बैठकीखाली आम्ही पट्ट्या ताणून विणतो. पाय रोवायचा, कंबर मागे टाकायची आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढायची. घड्याळाची खात्री झाली होती की मी नाव वल्हवतेय. न विचारता ते मोजायला बसायचं आणि शेवटी शाबासकी द्यायचं. मी आयुष्यात कधी नावेत पाय ठेवला नाही, पण त्या घड्याळाच्या मते मी एव्हाना समुद्र ओलांडला होता. ते आपोआप मोजणंही बंद केलं. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फुलांचे फोटो दर पाच मिनिटांनी मनगटाला गुदगुल्या करायचे, ते बंद केले. पडद्याचा उजेड इतका कमी केला की वेळ बघायला चष्मा लागायला लागला.

एवढं सगळं करून घड्याळ कुठवर पोचलं? चार. चार वाजून थोडं वर. ह्यांना आनंद झाला, मला नाही. माझं गाडं सहा-सात वाजेपर्यंत चालायला हवं होतं. वाचनालयाच्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, निम्म्याअधिक उघड्याबोडक्या, आणि दर दिवशी मी त्यांच्याकडे पाठ फिरवून चार वाजता शटर ओढत होते. तुम्हाला सांगते, अंगात बळ असताना घरी जाऊन बसण्यासारखी शिक्षा नाही. घरी येऊन मी ह्यांच्यावर चिडायची, जेवणावर चिडायची, बातम्या देणाऱ्या बाईवर चिडायची.

बहुतेक त्या चिडचिडीला कंटाळूनच ह्यांनी पुढचा प्रयोग मला न सांगता केला.

सकाळी माझ्या हातात घड्याळ देताना हे जरा जास्तच गोड हसले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी दुकानात गेले, तोंडात खिळे धरले आणि कामाला लागले. फोन कुठेतरी कापडाखाली वाजत होता. तोंडात खिळे असताना मी फोन घेत नाही, हा माझा नियम आहे आणि तो कुणीही मोडायला सांगू नये. तासाभराने दुकानापुढे एक टॅक्सी कचकन थांबली. लेक उतरली, एका पायात चप्पल नीट नाही, केस विस्कटलेले, मागोमाग तिच्या ऑफिसातली एक मुलगी हातात पाण्याची बाटली आणि लेकीची पर्स सांभाळत. लेक दारात थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी हातोडी खाली ठेवली, खिळे हातावर काढले आणि म्हटलं, "काय गं, सुट्टी का आज?"

ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. त्या खुर्चीला अजून बैठक नव्हती, त्यामुळे ती आत रुतली आणि तिला बाहेर काढायला मी आणि ती ऑफिसातली मुलगी अशा दोघी लागलो.

झालं होतं ते असं. ह्यांनी 'एकेक बंद करून बघायचं' या आपल्या शास्त्राप्रमाणे ठोके मोजणारं यंत्रच बंद करून टाकलं होतं. लेकीने सकाळी फोनवर बघितलं तर माझे ठोके नाहीत. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला फोन केला, मी उचलला नाही. मग वडिलांना केला. तो संवाद तिने मला रडत रडत सांगितला, तो असा.

"बाबा, आईचे ठोके दिसत नाहीयेत!"

"अगं हो, मीच बंद केलेत," हे म्हणाले. "आता बघ कशी टिकते ती!"

'ती' म्हणजे बॅटरी, पण हे लेकीला टॅक्सीत बसल्यावर कळलं, आणि तरी तिचा विश्वास बसला नाही. ऑफिसातली मुलगी तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. मलाही हसू येत होतं, पण लेकीचा चेहरा बघून मी ते गिळलं. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी ह्यांचे कान मी असे उपटले की दोन दिवस घरातले दिवे कुणी बंद केले नाहीत.

पण लेक आता हट्टालाच पेटली. रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "आई, पुरे झालं. सोमवारपासून दुकान फक्त सकाळचं. दुपारी बारानंतर शटर खाली. वाचनालयाच्या बाईंना मी सांगते."

"तू नाही सांगायचंस," मी म्हटलं. "माझं गिऱ्हाईक आहे."

"मग तू सांग."

"रविवारी दुकानात येऊन बस," मी म्हटलं. "दिवसभर बस. तुझ्या डोळ्यांनी बघ घड्याळ कुठे पेंड खातंय ते. तुलाही नाही सापडलं, तर सोमवारी मी स्वतः त्या खुर्च्या पुलाजवळच्याकडे पोचवीन."

बोलून बसले खरी, आणि ताटातला भात नुसता चिवडत राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही शास्त्र सांगितलं नाही.

रविवारी दुकान एरवी बंद असतं. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून शटर वर केलं. लेक पुढ्यात स्टूल घेऊन बसली आणि परीक्षेच्या वर्गात बाई फिरतात तशा नजरेने माझ्या मनगटाकडे बघू लागली. मी नेहमीचंच काम करायचं, असं ठरलं होतं. मी पट्ट्या विणल्या, वर तागाचं किंतान ठोकलं, काथ्या पसरला, फोम कापला. ती मधूनच उठून पडद्याला टिचकी मारायची आणि आकडा बघायची. बोलत मात्र होतो आम्ही. बऱ्याच दिवसांनी बोलत होतो. नातीच्या शाळेचं, लेकीच्या साहेबांचं, जावयाच्या नव्या दाढीचं. दाढीवरून तर आम्ही इतक्या हसलो की माझ्या ओठांतले खिळे जमिनीवर सांडले आणि ते चुंबकाने गोळा करत ती लहानपणी बसायची तशी जमिनीवर फतकल मारून बसली.

दुपार झाली. तीन वाजले. मी नाकाने टिचकी मारली. अर्ध्याहून बरीच जास्त बॅटरी शिल्लक होती.

"आज का नाही उतरली?" लेक म्हणाली. तिचा आवाज निराश वाटला आणि मला राग आला. म्हणजे घड्याळ नीट चाललं याचं हिला दुःख!

"तुला घाबरलं असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, खायला काहीतरी आणते," आणि बाहेर गेली. मी तेव्हा एका खुर्चीच्या बैठकीच्या आणि हाताच्या मधल्या फटीत डावा हात घालून आतून कापड दाबून धरलं होतं आणि उजव्या हाताने वाकड्या सुईने टाके घालत होते. फटीत अंधार होता. आणि त्या अंधारात एकाएकी हिरवा उजेड पडला. घड्याळाच्या पोटाखालचा दिवा पेटला होता, ठोके मोजायचा. मी हात हलवलेलाही नव्हता. दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. मग पावलं वाजली, लेक पुडकं घेऊन आत आली आणि फटीत पुन्हा अंधार झाला.

खाल्लं, हात पुसले आणि पुन्हा फटीत हात घातला. ती बाटली भरायला मागच्या नळावर गेली. हिरवा उजेड. ती आली. अंधार.

मग मी मुद्दाम केलं. "कोपऱ्यावरच्या दुकानातून मला जाड दोऱ्याचं रीळ आण," म्हटलं. "तपकिरी. सावकाश ये, त्याच्याकडे गर्दी असते." ती गेली. मी हात फटीत घालून, सुई न चालवता, नुसती बघत बसले. उजेड लागला. थोडा वेळ थांबला, पुन्हा लागला. पुन्हा लागला. ती परत येईपर्यंत असंच चाललं होतं.

तिने रीळ माझ्या पुढ्यात ठेवलं. मी विचारलं, "बाहेर गेल्यावर काय करतेस गं तू?"

"काय करते म्हणजे?"

"तू दाराबाहेर पडलीस की माझं घड्याळ जागं होतं. आत आलीस की झोपतं. काय करतेस?"

ती फोन ओढणीच्या टोकाने उगाचच पुसत म्हणाली, "काही नाही. बघते."

"काय बघतेस?"

"तुझे ठोके."

तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझं पान होतं. एरवी घड्याळ अधूनमधून क्षणभर ठोके मोजून गप्प बसायचं, पण हे पान उघडलं की तिकडून माझ्या घड्याळाला हुकूम सुटायचा, ताबडतोब ठोके मोज, कुठे आहेस ते शोध, आणि पाठव. मिटलं की घड्याळ सुस्कारा टाकायचं. ती ते सकाळी बसमध्ये उघडायची, कामाच्या बैठकीत टेबलाखाली उघडायची, जेवताना उघडायची, जिन्यात उघडायची. होकायंत्र आणि नाव आणि फुलांचे फोटो मिळून जेवढी बॅटरी खात नव्हते तेवढी माझ्या लेकीची काळजी खात होती. आणि काळजी वाटली की ती पुन्हा उघडायची, बॅटरी उतरत चाललेली दिसली की आणखी काळजी वाटायची, की आणखी उघडायची.

एरवी मी खवळले असते. पोरीने दिवसभर माझ्या मनगटाला कान लावून बसायचं आणि वर मलाच दुकान बंद करायला सांगायचं! पण तिचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला माझ्या शेजारी तयार झालेल्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "ते ओरडणार आहे ना काही झालं तर? मग तू कशाला बघत बसतेस?"

"तेव्हा पण तू फोन केला होतास," ती म्हणाली. "पडलीस त्या दिवशी. मी बैठकीत होते, फोन मुका केला होता. बाहेर येऊन बघितलं तर तुझे कितीतरी फोन येऊन गेलेले. आणि त्यांच्या वर दवाखान्याचा." तिला पुढे बोलवेना. "तू मला हाका मारत होतीस, आई, आणि मी उचलला नाही."

मला आठवायला एक क्षण लागला. आणि आठवलं तेव्हा खरं सांगते, मी कपाळालाच हात लावला.

"अगं वेडे, ते त्यासाठी नव्हते! मखमलीचा हिरवा तुकडा उरला होता. तुझ्या त्या अभ्यासाच्या जुन्या खुर्चीला घालू का, हे विचारत होते."

"इतक्या वेळा?"

"तू उचलत नव्हतीस म्हणून मला राग आला होता. राग आला की मी फोन करत सुटते, हे तुला आज कळलं का?"

"आणि मग पडलीस?"

"छे! मग मी जेवले. डबा धुतला. त्या तुकड्याची दुसऱ्याच कुणाच्यातरी उशीला खोळ बेतली, तुझ्यावर सूड म्हणून. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी वाद घातला. आणि त्याच्यानंतर केव्हातरी पडले. पडताना कुणालाच फोन केला नाही, तेवढा वेळच मिळाला नाही."

"खरं सांगतेस?"

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललेय?"

हे तिला पटलं. माझ्या स्वभावाचा असाही उपयोग होतो. ती आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली, मग "माझा मखमलीचा तुकडा कुणाला दिलास?" म्हणून भांडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. एवढे महिने ही पोर एका मखमलीच्या तुकड्यापायी स्वतःला दोष देत फिरत होती, आणि एका शब्दाने विचारत नव्हती, कारण मी काय उत्तर देईन याची तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात हे डोकावले. आम्हा दोघींचे डोळे बघून घाबरले आणि म्हणाले, "मी आज कशालाही हात लावलेला नाही." त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, छाती फुगवली आणि म्हणाले, "म्हणजे मीटर बरोबरच होतं! मी नुसता चुकीच्या घरात शोधत होतो."

नवा तह तिथेच झाला. अट तीच राहिली, घड्याळ बंद तर दुकान बंद. पण लेकीने आपणहून ते पान उघडायचं नाही. घड्याळ ओरडलं तर धावत यायचं, गप्प असेल तर त्याला गप्प राहू द्यायचं. ती कबूल झाली, पण असं तोंड करून की कडू औषध घशाखाली उतरवतेय.

सोमवारी मी दुकानात गेले. तीन वाजले, घड्याळ चालू. चार वाजले, चालू. खिडकीतून ऊन आलं आणि वाचनालयाच्या खुर्च्यांवर पसरलं. मी निळं कापड मनासारखं ताणून एकामागून एक बैठक बसवत होते. वाचनालयाच्या बाई डोकावल्या, एका खुर्चीत बसून बघितलं आणि उठायचं नाव घेईनात. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांना पुलाजवळच्याबद्दलसुद्धा काही वाईट सांगितलं नाही.

पाच वाजून गेले. बाई गेल्या होत्या. मी पुढची खुर्ची ओढली, फटीत हात घातला आणि टाके घालायला लागले. आत अंधार होता. अधूनमधूनची क्षणभराची लुकलुक सोडली तर दिवसभर अंधारच होता. लेक शब्दाला जागली होती. कुठल्यातरी बैठकीत बसून, फोन पालथा घालून, त्याच्याकडे न बघता ती शब्द पाळत असणार. तिला किती जड जात असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार? हवं तेच मिळालं होतं मला, अख्खी संध्याकाळ मिळाली होती, आणि तरी हात काही केल्या पुढचा टाका घालेना.

मी सुई कापडात खोचली, कापडाखालून फोन शोधून काढला आणि तिला लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"आई? काय झालं?"

"काही नाही झालं. पाहुण्यांचं पोट अजून भरलेलं आहे, शिल्लक आहे पुष्कळ," मी म्हटलं. "एकदा बघून घे."

"नक्की?"

"मी सांगतेय ना. बघ."

मनगटाखाली हिरवा दिवा लागला. मी हात अगदी स्थिर धरला, नीट मोजता यावं म्हणून.

"दिसतायत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "थोडे जोरात पडतायत गं. ठीक आहेस ना?"

"तुझ्याशी बोलतेय, म्हणून," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. दिवाही विझला नाही, आणि मीही बॅटरीचा आकडा बघितला नाही.